शुक्रवार धरला

जानेवारीपासून आमच्या कंपनीने शुक्रवार सोडला.
अंबडला व्हॉल्व्ह बनवणारी आम्ही एकशे चाळीस माणसं,
दिवस चार, पगार तोच.
बोर्डावर नोटीस लागली
तेव्हा निम्म्यांनी ती खालून वर वाचली,
कापाकापी कुठे लपलीय ते शोधत.

कल्पना मूळ मालकांची, युट्रेख्तची.
तिथली आनिके गुरुवारी साडेचारला
लॅपटॉप असा मिटते
जसं आपण तापवलेल्या दुधावर झाकण ठेवतो.
तिचं आपोआप येणारं उत्तर मला पाठ आहे:
मी सोमवारी येईन. तातडीचं असलं
तरी सोमवारीच.
त्यात कुठेही क्षमस्व नाही.
मी माझं लिहायला बसलो
तर पहिला शब्दच क्षमस्व.
खोडला. पुन्हा आला.

ओसाकाचे मोरिता मागच्या वर्षी आले होते.
भर मीटिंगमध्ये, ताठ बसल्या बसल्या
त्यांचा डोळा लागला.
गायधनींनी मला कोपर मारलं.
त्यांच्यासोबतचा पोरगा हळूच म्हणाला,
उठवू नका, आमच्याकडे याचा अर्थ
माणूस फार काम करतो.
आमच्याकडे याचा अर्थ मेमो.

पहिल्या शुक्रवारी साडेनऊला
मी गंगापूर रोडवर उगाच मिसळ खाल्ली.
आजूबाजूला सगळे रिटायर, नाहीतर कॉलेजचे.
पाव ठेवताना वेटरने विचारलं,
तब्येत बरी नाही का साहेब?
मग सोमेश्वर. धबधब्याला पाणी नव्हतं,
नुसता काळा खडक, आणि एक माणूस
त्या खडकाचेच फोटो काढत होता.
अकरापर्यंत फोन चौदा वेळा पाहिला.
कुणाचाच नव्हता.

म्हणून जेल रोडला, बापाकडे.
बापाने चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढली.
दिवसभर नोटा मोजायच्या,
संध्याकाळी झडती देऊन
रिकाम्या खिशाने बाहेर.
आमचं घर ओव्हरटाइमचं आहे.
स्वयंपाकघर सत्याऐंशीचं,
वरची खोली माझ्या बारावीच्या वर्षीची.
जिन्याला कठडा नाही,
त्या साली ओव्हरटाइम बंद होता.

बाप म्हणाला, स्लिप आण.
आणली. त्याने ती
खिडकीच्या उजेडासमोर धरली,
अंगठ्याने कड चाचपली,
म्हणाला, खरी आहे.
पण आवाज असा
की खोटी सापडली असती तर बरं झालं असतं.

मथुराबाई कंत्राटातल्या, कामटवाड्याहून पायी येतात.
शुक्रवारी अख्ख्या शॉपमध्ये त्या एकट्या,
कारण यंत्रं बंद असली
की खालचं तेल नीट पुसता येतं.
सोमवारी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या,
साहेब, तुम्ही सगळ्यांनीच शुक्रवार धरला का?
आंबट सोडलं असेल मग.
मी हसलो.
त्या बादली पिळत राहिल्या.
माझं उद्यापन होऊन बारा वर्षं झाली, म्हणाल्या,
तरी शुक्रवार काही सुटत नाही.

हे मी आनिकेला इंग्रजीत कळवायला गेलो
आणि उद्यापनापाशी अडलो.
शेवटी एवढंच विचारलं,
तुमच्याकडे फरशी कोण पुसतं?
गुरुवारी सव्वाचारला तिचं उत्तर आलं:
रात्री कुणीतरी येतं.
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.
आणि पंधरा मिनिटांनी झाकण.

आज सहावा शुक्रवार.
बाप दारातल्या खुर्चीत, ताठ,
डोळा लागलेला.
उजवा अंगठा मात्र हलतोय,
शंभराचं बंडल असावं.
मी उठवत नाही.
टेप आणलाय, जिन्याचं माप घेतोय,
खालून वर, पायरी पायरी.
परत येताना पट्टी
सटकन आवाज करत आत जाऊ नये
म्हणून बोटाने धरून ठेवलीय.